पाऊल, जेवढ्यास तेवढं

इंग्लंडमध्ये बाळाला भेट म्हणून अनेकदा येते ती हातापायांचे साचे काढायच्या किटची खोकी. ही हौस इथे जुनीच. राणी व्हिक्टोरियाने आपल्या मुलांचे तान्हेपणीचे हातपाय चक्क संगमरवरात घडवून घेतले. आयल ऑफ वाइट बेटावरच्या ऑस्बर्न हाउसमध्ये ते अजून आहेत. आता तेच काम घरच्या ओट्यावर होतं.

आम्ही ते केलं सांगलीसाठी. लेकीला आजी-आजोबांनी अजून फोनवरच पाहिलंय. "केवढी झाली गं?" हा आईचा रोजचा प्रश्न. वजन सांगितलं, फोटो पाठवले, तरी तिचं समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. फोटोवरून पायाचं माप कळत नाही. साच्यातून निघालेलं पाऊल जेवढ्यास तेवढं असतं.

खोक्यात दोन पावडरी असतात आणि त्यांची अदलाबदल होता कामा नये. पहिली अल्जिनेट, समुद्री शेवाळापासून केलेली. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप घ्यायला हीच वापरतात. त्यासाठी आधी अगर-अगर (तेही शेवाळापासूनचं, जेलीसारखं आळणारं) लागायचं, ते यायचं मुख्यतः जपानहून. दुसऱ्या महायुद्धात ते मिळेना, तेव्हा अल्जिनेट पुढे आलं. बाळाचा पाय बुडवायचा तो फक्त यात. दुसरी पावडर प्लास्टर ऑफ पॅरिस, आपल्या गणपतीच्या मूर्तींमुळे सगळ्यांच्या ओळखीची. ती घट्ट होताना तापते, जाड थरात ६० अंशांपर्यंतही जाऊ शकते. २००७ मध्ये लिंकनशायरच्या एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलीने कलेच्या तासाला प्लास्टरमध्ये हात घातला आणि भाजून तिची बोटं गेली. म्हणून कळकळीने सांगते, प्लास्टर बाळाच्या अंगाला लावायचंच नाही.

आणखी एक, सुरुवात पायापासून करा. पहिले काही महिने बाळ मूठ आवळूनच असतं, तळव्याला काही लागलं की आणखी घट्ट धरतं. पाय त्या मानाने सोपा. वेळ निवडायची ती पोट भरून गाढ झोपल्याची.

अल्जिनेटची पावडर फार उडते, म्हणून ती दुसऱ्या खोलीत कालवली. पाणी कोमट घेतलं, म्हणजे बाळ दचकत नाही. पण पाणी जितकं गरम तितकं मिश्रण लवकर आळतं, त्यामुळे हात चटचट चालवावा लागतो. इडलीच्या पिठाइतकं दाट झालं की प्लास्टिकच्या भांड्यात ओतायचं. नवऱ्याने लेकीला छातीशी धरलं, मी घोट्याच्या वरपर्यंत पाय आत सोडला आणि धरून राहिले. मिश्रण बोटांमध्ये शिरताना अंगठा एकदा ताठ झाला, मग सैलावला. दोन-तीन मिनिटांत सगळं रबरासारखं झालं. पाय ओढायचा नाही. हलकेच हलवत राहिलं की कडेने हवा शिरते आणि तो आपोआप सुटतो.

साचा ठेवून दिला तर पाणी सुटून आकसतो, म्हणून प्लास्टर लगेच ओतायचं. पाण्यात पावडर भुरभुरायची, ढवळायची, आधी थोडंसंच ओतून भांडं ओट्यावर ठोकायचं. अडकलेली हवा वर येते, नाहीतर बोटांची टोकं पोकळ राहतात. उरलेलं प्लास्टर सिंकमध्ये कधीच नाही, पाइप कायमचा तुंबतो. ते वाटीत घट्ट होऊ द्यायचं आणि कचऱ्यात टाकायचं.

काही तासांनी अल्जिनेट बोटांनी सोललं. करंगळीपाशी सगळ्यात हळू, कारण ओलं प्लास्टर टचकन तुटतं. आधी टाच दिसली, मग तळव्यावरच्या बारीक रेघा, शेवटी नखं. नखंसुद्धा उमटतात! त्या दिवशी लेकीच्या पायाकडे मी इतकं निरखून पाहिलं, तेवढं एरवी कधी पाहिलं नव्हतं.

साचा सोलतानाच फाटतो, एका साच्यातून एकच पाऊल निघतं. म्हणून उजवं आमच्याकडे आणि डावं सांगलीला, असं ठरलं. इथल्या दमट हवेत ते खडखडीत वाळायला वेळ लागला, पण त्याशिवाय रंग द्यायचा नाही की पार्सल करायचं नाही. मऊ टॉवेलात गुंडाळून, दोन खोक्यांत घालून पाठवलं.

बाबांनी ते देवघराशेजारच्या फळीवर ठेवलंय. आईने तळहातावर घेऊन पाहिलं आणि लगेच म्हणाली, "दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे, अगदी माझ्यासारखं." फोटोत हे आमच्यापैकी कुणालाच दिसलं नव्हतं. आता तिला हात हवाय. लेक मूठ उघडू लागली की तोही करू.