रक्त उकळते का?

“सर, अवकाशात पोशाखाविना गेले तर माणूस फुटतो का? रक्त उकळते का?” जळगावच्या आमच्या शाळेत हा प्रश्न दरवर्षी येतो, यंदा तर शेतातल्या भरीत पार्टीत एका पाहुण्यांनीही तो विचारला. तुम्हीही विचारलात, म्हणून लिहितो.

माणूस फुटत नाही, कारण कातडी चिवट असते. अंग मात्र खूप सुजते. उकळण्याचे म्हणाल, तर उकळणे म्हणजे तापणे ही आपली चुलीजवळची समजूत आडवी येते. पाणी केव्हा उकळेल हे हवेच्या दाबावरही ठरते. तोरणमाळला, सुमारे ११५० मीटर उंचीवर, ते ९६ अंशांच्या आसपास उकळते, म्हणून उघड्या पातेल्यातील डाळीला तेथे खाली शहाद्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि सुमारे १९ किलोमीटर उंचीवर ते ३७ अंशांना, म्हणजे आपल्या अंगच्याच उष्णतेला उकळू लागते. रक्त रक्तवाहिन्यांत दाबाखाली कोंडलेले असल्याने लगेच उकळत नाही. उकळतो तो जिभेवरचा, डोळ्यांवरचा ओलावा.

ही ऐकीव गोष्ट नव्हे. १९६६ साली ह्यूस्टन येथे नासाच्या निर्वात कक्षात पोशाखाची चाचणी देताना जिम लेब्लांक या तंत्रज्ञाची हवेची नळी निसटली. सुमारे १४ सेकंदांत त्याची शुद्ध हरपली. जिभेवरची लाळ बुडबुडत होती, एवढेच त्याला शेवटचे आठवत होते. कक्षात लगेच हवा सोडल्याने तो बचावला. त्या लाळेने जीभ भाजत नाही, कारण वाफ होणारे पाणी उष्णता घेऊन जाते; मे महिन्यात ४५ अंशांतही आमचा माठ गार राहतो तो याच न्यायाने.

जीव जातो तो प्राणवायूवाचून. निर्वातात फुप्फुसे रक्तातला प्राणवायू उलट बाहेर टाकू लागतात आणि तेच प्राणवायूहीन रक्त मेंदूकडे जाते. मुलांचा ठरलेला उपाय म्हणजे श्वास रोखणे. तोच सर्वांत घातक, कारण आत कोंडलेली हवा फुगून फुप्फुसे फाडते. तत्क्षणी गोठण्याची भीतीही पोकळ आहे, थर्मासमधला चहा तासन्‌तास गरम राहतो तो निर्वातामुळेच.

३० जून १९७१ रोजी सोयूझ ११ हे सोव्हिएत अंतराळयान परतताना झडप अवेळी उघडली, यानातली हवा निघून गेली आणि आतले तिघेही दगावले. तिघाही अंतराळवीरांच्या अंगावर दाबपोशाख नव्हते, कारण तिघे बसल्यावर पोशाखांपुरती जागाच उरत नव्हती. त्यानंतर सोयूझमधून कित्येक वर्षे दोघेच जात राहिले, पोशाख घालून.