शब्दवही: 'रॉयली' म्हणजे नेमकं कसं पाणी?

या पावसाळ्यात वहीत सहा इंग्रजी शब्द चढले. पाचांना एकेक ओळ पुरली, 'रॉयली'ने अडीच पानं घेतली.

शब्द कानाला राजेशाही वाटतो, पण 'रॉयल'शी त्याचं नातं नाही. मूळ क्रियापद 'रॉइल': तळाचा गाळ ढवळून पाणी गढूळ करणं. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून ते इंग्रजीत आहे. त्याची व्युत्पत्ती मात्र कोशकारांनाही पक्की लागलेली नाही. 'राइल', म्हणजे डिवचणं, चिडवणं, हे त्याचंच बदललेलं रूप.

माझं घोडं अडलं ते 'टर्बिड'पाशी. दोन्हींपुढे मी 'गढूळ' एवढंच लिहून ठेवलं होतं आणि ते खटकत होतं. म्हणून पूर ओसरल्यावर गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदावरीवर, गेले. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी अजून तांबूस पाणी होतं. बाटली भरून आणली, काचेच्या ग्लासात ओतून खिडकीत ठेवली. आई म्हणाली, "अगं, तुरटी फिरव, लगेच निवळेल." पण मला ते आपोआप काय करतं ते बघायचं होतं.

सकाळी तळाशी तपकिरी साय धरल्यासारखा थर होता. वरचं पाणी अगदी स्तब्ध, तरी धूसर. ग्लासामागचा पेपर पुसट दिसत होता. हे टर्बिड. मग चमचा एकदाच फिरवला. गाळ ढगासारखा उसळून वर आला आणि गरगरत राहिला. हे रॉयली! टर्बिड पाणी शांत असू शकतं, रॉयली म्हटलं की कुणीतरी किंवा कशानेतरी ते ढवळलेलं असतं.

आणि मग आजीचा शब्द आठवला. हंड्यात तांब्या जोरात घातला की ती ओरडायची, "पाणी डहुळू नकोस गं!" माझ्या मते 'रॉइल'ला 'डहुळणं' इतका चपखल दुसरा शब्द नाही. आपलं मनही डहुळतं, तसंच तिकडे 'राइल'मध्ये माणूस डहुळतो. इंग्रजी व्यापारी बातम्यांत बाजारही 'रॉइल' होतात.

'टर्बिड'चं मूळ लॅटिन 'टुर्बा': गर्दी, गोंधळ. 'डिस्टर्ब' त्याच घरातला. सिंहस्थातलं रामकुंड पाहिलेल्याला गर्दी आणि गढूळपणा यांचं नातं समजावून सांगावं लागणार नाही.

वापरताना दोन गोष्टी सांभाळा. टर्बिड हा रंग नव्हे: कोरा चहा कितीही काळपट असला तरी गाळल्यावर पारदर्शक असतो, तो टर्बिड नाही. पाण्यात तरंगणारे कण उजेड विखुरतात, तेव्हाच हा शब्द. प्रयोगशाळेत हेच 'एनटीयू' या गढूळपणाच्या एककात मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात स्वीकारार्ह मर्यादा 1 एनटीयू आहे. दुसरं, 'टर्जिड' वेगळा: तो फुगलेला, तट्ट. पुरातली गोदावरी दोन्ही असू शकते.

'रॉयली' अमेरिकी लिखाणात जास्त भेटतो, नदी-ओढ्यांच्या वर्णनात. पुढचं पान 'लिंपिड'साठी ठेवलंय. त्याला 'नितळ' द्यावा की 'निवळशंख', यावर अजून माझं ठरत नाहीये.