मोतद्दार नसलेली बाई

सुट्टीला तरडगावला आले की आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, विचारणारच, "काय गं, तुझा घोड्याचा उद्योग चाललाय का अजून?" चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण ते सहसा चुकवत नाहीत. घोडा म्हटलं की कान टवकारतात.

यंदा नीट सांगितलं. कॅलिफोर्नियात मी ज्या राइडला, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेला, जाते ती ८० किलोमीटरची. वेळ १२ तास, सक्तीचे थांबे त्यातच. थांब्यावर पोचलं म्हणून विश्रांती सुरू होत नाही. घोड्याची नाडी मिनिटाला ६४ वर, कुठे ६० वर, उतरली की मगच थांब्याचं घड्याळ चालू. अर्ध्या तासात नाही उतरली तर बाद. मग डॉक्टर हिरड्या बघतात, पोटाचे आवाज ऐकतात, दुडक्या चालीनं पळवून लंगडतोय का ते तपासतात.

"आणि घोड्याची निगा राखायला मोतद्दार? दिंडीचा ट्रक पुढं जातोय तसं कुणी जात असंल की."

पहिल्या राइडला माझा ट्रक होता: नवरा आणि दोन मैत्रिणी. एक खोगिराचा तंग सोडतेय, दुसरी मानेवर पाणी ओततेय, नवरा मला सरबत पाजतोय. तिघांच्या गलक्यानं घोडा इतका बावरला की नाडी ७२ च्या खाली येईना. सगळ्यांना लांब पाठवलं, तेव्हा कुठे उतरली.

पुढची राइड एकटीनं केली. वाटा फिरून पुन्हा तळावरच येत होत्या, त्यामुळे गवत आणि भिजवलेली चंदी सकाळीच मांडून ठेवली. खोगिराला दोरीनं स्पंज बांधला. ओढा लागला की वरूनच सोडायचा, भिजवायचा, मानेवर पिळायचा. शेवटचा पाऊण किलोमीटर उतरून चालत आले, नाडी आपोआप खाली. ८० किलोमीटरला माणसं नसली तरी चालतं, असं माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. १६० ची गोष्ट वेगळी. टेविस कपला, १९५५ पासूनची २४ तासांची राइड ती, मी मैत्रिणीची मोतद्दार होते. सुमारे ११० किलोमीटरवर फॉरेस्टहिलला ती आली तेव्हा तिला स्वतःच्या बाटलीचं झाकण उघडत नव्हतं.

"बरं, एकटी होतीस तेव्हा तू काय खाल्लंस?" काकूंनी आतून विचारलं.

घोड्याची पिशवी काटेकोर भरली होती, माझी घरीच राहिली. त्याच्यातली गाजरं खाल्ली.

आप्पा हसत सुटले. काकू काही बोलल्या नाहीत. परत निघाले तेव्हा बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीची पुडी निघाली, वर पेनानं लिहिलेलं: घोड्याला देऊ नये.