बाटली लावा, डॉक्टर

माझा दवाखाना कोल्हापुरात गंगावेशीजवळ आहे आणि माझे निम्म्याहून अधिक रुग्ण पंचगंगेच्या पलीकडून, वडणगे, चिखली, आंबेवाडी या बाजूने येतात. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी सर्वाधिक वेळा ऐकलेले वाक्य हे आहे: "डॉक्टर, अंगात कायबी ताकद न्हाई, एक बाटली लावा." बाटली म्हणजे सलाईन. तिच्यातही प्रतवारी आहे. साधी पांढरी बाटली ताप-जुलाबासाठी, ग्लुकोजची बाटली थकव्यासाठी आणि जीवनसत्त्वांचे इंजेक्शन मिसळल्यामुळे पिवळी दिसणारी बाटली सर्वांत ताकदीची, असे वर्गीकरण माझ्या रुग्णांनी माझ्या मदतीवाचून करून ठेवले आहे. तो पिवळा रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचा असतो. शरीराला नको असलेला त्याचा भाग लघवीवाटे निघून जातो आणि लघवी पिवळीधमक झाली की औषध लागू पडले, अशी घरच्यांची खात्री पटते.

अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, चहाचा एक सपाट चमचाही भरणार नाही इतके. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर असते आणि तिच्यातून मिळणारी ऊर्जा शंभर कॅलरींच्या आसपास, म्हणजे साधारण एका केळ्याएवढी असते. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवतो. समोरचा माणूस तो शांतपणे ऐकतो, मान डोलावतो आणि विचारतो, "मग कवा लावताय?"

सलाईनबद्दल माझ्या मनात आकस नाही. १८३२ साली स्कॉटलंडमध्ये थॉमस लॅटा या डॉक्टराने पटकीने आक्रसून गेलेल्या रुग्णांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले आणि मरणाच्या दारातली काही माणसे उठून बसली, तेव्हापासून या उपचाराने किती जीव वाचवले याची मोजदाद नाही. सतत उलट्या होऊन पोटात काही टिकत नसेल, लघवी सहा-आठ तास झाली नसेल, नाडी जलद आणि क्षीण लागत असेल, रुग्ण गुंगीत जात असेल, तर शिरेतून पाणी द्यावेच लागते आणि त्या वेळी मी एक मिनिट घालवत नाही. माझा प्रश्न बाकीच्या रुग्णांचा आहे. ते चालत येतात, बाकावर बसून मोबाइल पाहतात, बाहेर चहा पिऊन येतात आणि मग बाटली मागतात.

या बाकीच्यांपैकी ज्यांना खरोखर पाणी कमी पडलेले असते, त्यांच्यासाठी अधिक चांगली वस्तू मेडिकलमध्ये काही रुपयांना मिळते: ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवून प्यायचा साखर-क्षारांचा पुडा. तिची गोष्ट आपल्याच देशातली आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायच्या पाण्याच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खायचा सोडा यांचे मोजून पुडे बांधले, ते पाणी पिंपांत कालवले आणि रुग्णांना पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. आधी तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली चार टक्क्यांच्याही खाली आले. यामागचे शास्त्र साधे आहे. जुलाबाने आतड्याची कितीही दैना झाली तरी साखर आणि सोडियम जोडीने आत घेणारे दार बहुधा चालू राहते आणि त्या जोडीच्या मागोमाग पाणीही शरीरात शिरते. डॉ. महालनबीस २०२२ साली गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. माझ्या प्रतीक्षागृहात हे नाव ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली, महामार्ग बंद झाला आणि पाणी उपसणारी केंद्रेच बुडाल्यामुळे शहराचे नळ कोरडे पडले. मी त्या दिवसांत एका शाळेत उघडलेल्या निवारा छावणीत बसत असे. ओआरएसचे खोके आमच्याकडे होते. लोक पुडे घेत, पिशवीत ठेवत आणि परत रांगेत येऊन बाटलीचे विचारत. ज्यांनी पुडा फोडला त्यांतल्या अनेकांनी तो एका पेल्यात कालवला. एक लिटरचा पुडा एका पेल्यात कालवला की ते पाणी इतके दाट होते की जुलाब थांबण्याऐवजी वाढतात आणि मग "ते पावडरनं उलट जास्त झालं" ही तक्रार खरी ठरते. मला याचे नवल वाटले, कारण पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी फुटा-इंचात सांगणारे, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे शेंबड्या पोरालाही पाठ असणारे हे गाव आहे. शेवटी आम्ही मदतीत आलेल्या पाण्याच्या रिकाम्या एक लिटरच्या बाटल्या गोळा केल्या आणि पुड्याबरोबर एकेक बाटली हातात दिली. पुडा तिच्यात ओतायचा आणि गळ्यापर्यंत पाणी भरायचे, एवढेच सांगावे लागले. बाटली मागणाऱ्यांना बाटली मिळाली, असे आमच्यातला एक जण म्हणाला आणि त्या चिखलातही आम्ही हसलो.

पुड्याची पत घसरायला बाजारानेही हातभार लावला. वर्षानुवर्षे मेडिकलच्या काउंटरवर 'ओआरएस' ही अक्षरे छापलेली गोड पेये कागदी खोक्यांत विकली गेली. त्यांतली साखर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या कितीतरी पट होती. त्या सूत्रात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, त्यामुळे खरे ओआरएस चवीला गोड सरबतासारखे लागतच नाही. साखर जास्त झाली की आतड्यातले पाणी उलट बाहेर ओढले जाते, आणि आया तर तेच खोके जुलाब झालेल्या मुलाला कौतुकाने पाजत होत्या. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध सुमारे आठ वर्षे झगडा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. दरम्यान २०२२ मध्ये 'हे जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र नव्हे' अशी तळटीप छापण्याच्या अटीवर तो शब्द वापरायची मुभाही देण्यात आली होती. कडेवर रडते पोर घेतलेली बाई काउंटरवर उभी राहून तळटीप वाचेल, ही कल्पना कोणाला सुचली असेल याचा मी अनेकदा विचार केला आहे.

आता स्वतःकडे वळायला हवे, कारण बाटलीची चटक लोकांना आपोआप लागलेली नाही. प्रॅक्टिसच्या पहिल्या चार-पाच वर्षांत मीही भरपूर सलाईन लावल्या. मागे भिंतीला लागून तीन कॉट होत्या आणि संध्याकाळी तिन्ही भरलेल्या असत. समजावून सांगायला पंधरा मिनिटे लागतात आणि त्यांचे मिळतात फक्त तपासणीचे पैसे. बाटली लावायला पाच मिनिटे पुरतात आणि तिचे पैसे वेगळे घेता येतात. शिवाय मी नाही म्हटले तर पुढच्या गल्लीत हो म्हणणारा असतोच, आणि गेलेला रुग्ण त्याच्याबरोबर घरची इतर माणसेही घेऊन जातो. या गणिताला मी त्या वेळी व्यवहार म्हणत असे. ते थांबण्याचे कारण माझा विवेक नव्हता, एक वृद्ध गृहस्थ होते. अशक्तपणा वाटतो म्हणून दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना दिवसभरात दोन बाटल्या लावल्या होत्या. त्यांचे हृदय आधीच कमकुवत होते. रात्री त्यांना आडवे पडता येईना, श्वास लागला, फुप्फुसांत पाणी साचले आणि पहाटे त्यांना थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्यावे लागले. ते वाचले. पण त्यांचा मुलगा सारे मला सांगत होता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच तीन कॉट येत होत्या, कारण त्यांतल्या कितीजणांची छाती मी आधी नीट तपासली होती याची मला खात्री देता आली नसती.

पडद्यावरच्या दवाखान्याने तर बाटलीला दागिन्याचे स्थान दिले आहे. मालिकेत कोणीही आजारी पडो, कपाळाला पट्टी आणि हाताला सलाईन आलीच. त्या नळीतला थेंब कधी पडताना दिसत नाही. मॉनिटरवर रेघ सरळ झाली की डॉक्टर विजेचा झटका देतात आणि नायक डोळे उघडतो. प्रत्यक्षात सपाट रेघेला झटक्याचा उपयोग होत नाही. झटका असतो हृदय थरथरत भरकटलेले असताना त्याला ताळ्यावर आणण्यासाठी. हे मी आईला तिची मालिका चालू असताना सांगितले, तेव्हा तिने मला शांतपणे आतल्या खोलीत जायला सांगितले. राजकारणातही तेच. 'सलाईन नाकारली' अशी बातमी आली की उपोषण कडवे, 'सलाईन घेतली' अशी आली की ते ढिले पडले, असा अर्थ आपण लावतो. साध्या सलाईनने पाणी आणि क्षार मिळतात, भूक तशीच राहते. खरा धोका वेगळाच असतो: अनेक दिवसांच्या उपाशी माणसाला ब-१ जीवनसत्त्व न देता घाईने ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. तो मथळ्याचा विषय होत नाही.

सरकारी धोरणाचा कलही दाखल होण्याकडेच आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे छत्र दीड लाखांवरून पाच लाखांवर गेले, ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू झाली, आणि माझ्या रुग्णांपैकी कित्येकांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया तिच्यामुळे घर-शेत न विकता झाल्या. तिला मी मनापासून मानतो. परंतु ती प्रामुख्याने दाखल रुग्णासाठी आहे. रक्तदाबाच्या गोळ्या रोज घेणारा शेतकरी खिशातूनच पैसे काढतो. त्याला पक्षाघात झाला की मग योजना धावून येते. खासगी विम्याचेही तसेच. बहुतेक आजारांत २४ तास दाखल राहिल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, म्हणून चांगल्या पगाराची, शिकलेली माणसे मला "डॉक्टर, एक दिवस ॲडमिट दाखवता येईल का?" असे हळू आवाजात विचारतात. दाखल व्हायचे तर काहीतरी लावलेले दिसले पाहिजे, आणि मग पुन्हा बाटली. 'आपला दवाखाना' या सरकारी दवाखान्यांसारखे प्रयत्न योग्य दिशेचे आहेत, पण तिथल्या डॉक्टरला एका रुग्णाशी पंधरा मिनिटे बोलण्याची उसंत मिळते का, हे मोजण्याचा रकाना कोणत्याही अहवालात माझ्या पाहण्यात आलेला नाही.

एवढे सगळे मला माहीत होते, आणि तरी एका बाईने मला जे सांगितले ते कळायला इतकी वर्षे जावी लागली. चाळिशीच्या आसपासच्या या वहिनी दर दोन महिन्यांनी नवऱ्याबरोबर बाटलीसाठी यायच्या. हिमोग्लोबिन सात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, त्यांतल्याच या एक. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत हे बजावले, मासिक पाळीत रक्त जास्त जाते का हे विचारले आणि नेहमीचा केळ्याचा हिशेब मांडला. नवरा म्हणाला, "पैशाचं काय न्हाई डॉक्टर, तुम्ही लावा." तो बाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय त्यात काय नसतंय. पर तेवढंच दोन तास पडून ऱ्हायला मिळतंय."

पहाटे चारला उठून म्हशींची धार काढायची, शेणघाण करायची, डेअरीला दूध घालायचे, स्वयंपाक करून उसाच्या भांगलणीला जायचे आणि संध्याकाळी परत धार, असा त्यांचा दिवस. घरात नुसते आडवे पडले तर सासू विचारते काय झाले, आणि काय झाले याला उत्तर नसते. हाताला सुई असली की कोणी विचारत नाही. नवरा शेजारी बसतो, जाऊ बिस्किटचा पुडा घेऊन येते, त्या दिवशीची धार दुसरे कोणीतरी काढते. मी इतकी वर्षे त्या बाटलीत काय नाही हे मोजत होतो.

त्या दिवसापासून मी कागदावर औषधांच्या वर, मोठ्या अक्षरांत, 'तीन दिवस शेतात व गोठ्यात काम बंद' असे लिहून देतो, खाली शिक्का मारतो आणि तो कागद रुग्णाऐवजी नवऱ्याच्या हातात ठेवतो. सगळीकडे तो पाळला जातो असे नाही. तीन कॉटपैकी दोन मी काढून टाकल्या आहेत, एक अजून आहे. मागच्या महिन्यात त्याच वहिनी आल्या. हिमोग्लोबिन साडेनऊवर आले होते आणि गोळ्यांनी तोंडाची चव जाते एवढीच तक्रार होती. नवरा एसटी स्टँडवर कोणाला तरी भेटायला गेला होता. "बाटली नको डॉक्टर," त्या म्हणाल्या, "पर ते येईपर्यंत कॉटवर जरा पडू काय?" सिस्टरने पंखा लावला आणि दार ओढून घेतले.