यॉर्कशायरमधला ‘टी’

उत्तर इंग्लंडमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाला शेजाऱ्यांनी ‘साडेपाचला टीला या’ असे सांगितले, तर त्याने घरून खाऊन निघू नये. तिथे कपबशीबरोबर बटाटे, मटार आणि मांसाचे सारण घालून भाजलेला ‘पाई’ असे भरलेले ताट समोर येण्याचीच शक्यता अधिक, कारण इकडच्या असंख्य घरांत संध्याकाळच्या जेवणालाच ‘टी’ म्हणतात. दुपारचे जेवण हे ‘डिनर’ असते. शाळेत मुलांना दुपारी जेवण वाढणाऱ्या बायकांना ‘डिनर लेडीज’ म्हणतात, तेही याच हिशेबाने. नुसता प्यायचा चहा हवा असेल, तर लीड्स किंवा मँचेस्टरमध्ये ‘ब्रू’ मागावा.

हा घोळ मुळात घड्याळाचा आहे. एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांचे मुख्य जेवण सरकत सरकत रात्री सात-आठपर्यंत गेले, आणि मधल्या वेळची भूक भागवण्यासाठी चहा, पातळ सँडविच आणि केक यांची प्रथा पडली. तिचे श्रेय बहुधा बेडफर्डची डचेस ॲना हिला दिले जाते आणि काळ १८४०च्या आसपासचा सांगितला जातो. हा झाला ‘आफ्टरनून टी’. गिरणीत किंवा खाणीत राबणाऱ्या माणसाला मात्र दुपारी चारला कोचावर बसून चहा पिण्याची सवड कुठली? तो कामावरून परतला की गरम जेवण, पाव आणि चहाची किटली एकदमच टेबलावर येत असे. या जेवणाला ‘हाय टी’ हेही नाव होते. आपल्याकडची पंचतारांकित हॉटेले नाजूक केकच्या तबकांना ‘हाय टी’ म्हणतात, ते पाहून लँकेशायरच्या जुन्या गिरणी कामगाराला हसूच आले असते.

त्यामुळे संध्याकाळी जेवणाला माणूस ‘टी’ म्हणतो, ‘डिनर’ म्हणतो की ‘सपर’, यावरून त्याचा प्रांत आणि सामाजिक वर्ग यांचा अंदाज इंग्रज मनातल्या मनात बांधतात, आणि तो पुष्कळदा बरोबर निघतो. कसोटी क्रिकेटमध्ये ‘टी’ म्हणजे वीस मिनिटांची विश्रांती असते. लीड्समधल्या हेडिंग्ले मैदानाचा प्रेक्षक ती अनुभवून घरी जातो तो पुन्हा ‘टी’साठीच. डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये ‘क्रीम टी’ मागवल्यास चहाबरोबर स्कोन म्हणजे छोटे गोडसर पाव, जॅम आणि घट्ट साय येते, आणि आधी साय लावायची की जॅम, यावरून या दोन परगण्यांचे आजतागायत जमलेले नाही.

निमंत्रण कशाचे आहे हे ओळखण्याची माझी रीत साधी आहे: ‘कप ऑफ टी’ म्हटले असेल तर पेय, नुसते ‘टी’ म्हटले आणि वेळ पाचनंतरची असेल तर जेवण.

स्कॉटलंडमध्ये एडिंबराकरांच्या आतिथ्यावर एक जुना विनोद आहे. दारात आलेल्या पाहुण्याला यजमान म्हणतो, ‘तुमचा टी झालाच असेल.’ पुणेकरांवरचे विनोद ऐकत वाढलेल्याला त्यातली खोच लगेच कळते. मात्र हा ‘टी’ म्हणजे अख्खे जेवण आहे, हे ठाऊक नसेल तर यजमानाने एका वाक्यात किती वाचवले, याचा हिशेब लागत नाही.