सौंदत्तीचं चौंडकं आणि त्याचे दूरचे सोयरे

बेळगावहून सौंदत्तीला जायचं तर बैलहोंगलमार्गे जाणारी बस धरावी. पण चौंडकं, म्हणजे जोगतिणी काखेत धरून वाजवतात ते एकतारी वाद्य, ऐकायला जाणार असाल, तर मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेची जत्रा टाळा. कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्यांनी यल्लम्माचा डोंगर गजबजलेला असतो आणि भोंग्यांपुढे काखेतल्या वाद्याचं काही चालत नाही. साधा मंगळवार किंवा शुक्रवार बरा. देवीचे वार, त्यामुळे जोगते-जोगतिणींचे, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्या भक्तांचे, मेळ भेटतात आणि बाजूला बसून नीट ऐकताही येतं.

मेळ आटोपशीर असतो. एकीच्या काखेत चौंडकं, दुसरीच्या हाती तुणतुणं, तिसरीकडे झांज, आणि डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मूर्ती ठेवलेली टोपली, घेतलेली जोगतीण. पद कानडी असो की मराठी, वाद्यं तीच. तुणतुण्याची तार खुंटीला पिळून बांधलेली असते, म्हणून ते एकच सूर धरून राहतं. चौंडक्याला खुंटीच नाही. सगळी गंमत तिथे आहे.

चौंडकं म्हणजे लाकडी पिंप, एका तोंडाला चामडं मढवलेलं, दुसरं तोंड उघडं. चामड्याच्या मधोमध बारीक भोक पाडून तार आतून ओवतात आणि उघड्या तोंडातून बाहेर काढतात. तारेचं टोक एका छोट्या मुठीला बांधलेलं असतं. पिंप डाव्या काखेत, मूठ डाव्या हातात, उजव्या हाताने तार छेडायची. चामड्याच्या बाहेरच्या बाजूला गाठीखाली चकती हवीच. ती नसेल तर प्रत्येक ओढीबरोबर गाठ चामड्यात रुतते, भोक लांबट होतं आणि एक दिवस तार गाठीसकट निघून येते.

नवख्याचा हात चुकतो तो वेळेत. आधी तार ताणली आणि मग छेडली, तर नुसता वरचा सूर निघतो. आधी छेडायची आणि नाद घुमत असतानाच ओढायची, तेव्हा तो 'डुंव्वक्' असा वर चढतो. ओढ सरळ रेषेत हवी. मूठ तिरपी गेली की तार काठाला घासते आणि खरखर येते. जोरही मोजूनच लागतो. तारेचा सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो, म्हणजे सा वरून प ला जायला ताण सव्वादोन पट लागतो आणि वरच्या सा ला चौपट. म्हणून वाजवणाऱ्या बायका सहसा सप्तकभर ओढत नाहीत. थोडक्यात भागवतात, आणि तेच कानाला गोड लागतं.

याचे सख्खे भाऊबंद भारतातच आहेत: बंगालच्या बाउल गायकांचा खमक, बहुधा दोन तारांचा, आणि मेवातच्या जोगींचं भपंग. धरायची, ओढायची रीत तीच.

परदेशातले सोयरे बघा: तार नाही, पण ओढ आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचा दुंदुन हा ढोल डमरूसारखा मध्ये बारीक असतो. दोन्ही तोंडांची चामडी कातडी पट्ट्यांनी जोडलेली. काखेत दाबलं की पट्ट्या ताणतात आणि आवाज चढतो. वाकड्या काठीने वाजवतात. योरुबा भाषेत स्वराच्या तीन पातळ्या असतात आणि पातळी बदलली की अर्थ बदलतो, त्यामुळे हा ढोल खरोखर वाक्यं बोलतो. चढउतार सारखाच असलेले शब्द पुष्कळ, म्हणून घोटाळा टाळायला वादक एका शब्दाऐवजी लांबलचक ठराविक वाक्य वाजवतो.

आपलं चौंडकं असं बोलू शकणार नाही. मराठीत किंवा कानडीत सूर बदलून शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे इथे ओढ शब्दाची जागा घेत नाही, ती शब्दांच्या फटीत शिरते, ओळ संपली की खोडी काढते. सारख्या करामतीवरून 'मूळ एकच' असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. मला तो पटत नाही. ताणलं की सूर चढतो, हे कुणालाही, कुठेही सापडेल. त्याचं पुढे काय करायचं, ते तिथली भाषा ठरवते.

जपानच्या नो नाट्यात तर वेगळाच मामला. कोत्सुझुमी हा छोटा ढोल उजव्या खांद्यावर ठेवून डाव्या हाताने दोऱ्या आवळतात. त्याचं चामडं ओलसर लागतं, म्हणून वादक मध्येच त्यावर फुंकर घालतो. शेजारच्या ओत्सुझुमीचं, म्हणजे मोठ्या ढोलाचं, चामडं मात्र प्रयोगाआधी निखाऱ्यावर कडक वाळवतात. आपल्याकडेही दोन्ही तऱ्हा आहेत: भजनातल्या पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक, आणि हलगी मात्र जाळावर शेकायची. खानापूरकडच्या पावसात तर शेकल्यावाचून हलगी बोलतच नाही. चौंडक्याचं चामडंही दमट हवेत सैल पडतं. तार कितीही ओढा, ओढीचा जोर सूर चढवण्यापेक्षा चामडं आत खेचण्यात जातो.

रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा. कर्नाटकात मुलींना जोगतीण किंवा देवदासी म्हणून देवीला सोडण्यावर कायद्याने बंदी आहे, म्हणून बाईला तिची कहाणी विचारत बसू नका. पदाबद्दल विचारा आणि दक्षिणा हातात द्या. फोन झांजेपासून दूर, चौंडक्याच्या चामड्याच्या बाजूला हातभर अंतरावर धरा. फोनमधली गोंगाट कमी करणारी सोय बंद ठेवा. नाहीतर ती नेमकी चढत्या सुराची शेपटीच कापते.