लष्कराला पक्ष कशाला लागतो?

लॅटिन अमेरिकेच्या राजकारणाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ लष्कराची सत्ता होती, तर सरकारी पक्ष, निवडणुका, संसद हे सगळं चालू कशाला ठेवलं? निव्वळ देखावा होता का? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

देखावा होताच. पण तेवढं म्हणून थांबलं तर ती राजवट इतकी टिकली कशी, हे कळत नाही. रणगाड्यांनी राजधानी ताब्यात येते. दूरच्या गावात नोकरी कुणाच्या पोराला द्यायची, रस्ता कुणाच्या शेतापर्यंत न्यायचा, हे ठरवायला तिथलाच पुढारी लागतो.

ऑक्टोबर १९६५ मध्ये गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत मिनास जेराइस आणि ग्वानाबारा ही दोन वजनदार राज्यं विरोधकांनी जिंकली. त्याच महिन्यात जनरल कास्तेलो ब्रांको यांच्या सरकारने सगळे जुने पक्ष एका फटक्यात बरखास्त केले. नवा पक्ष काढायचा तर १२० खासदार आणि २० सिनेटर पाठीशी हवेत, अशी अट घातली. उरले दोनच : सरकारचा ‘आरेना’ आणि परवानगी मिळालेला विरोधी ‘एमडीबी’. एक पक्ष ‘हो’ म्हणतो आणि दुसरा ‘हो, साहेब’, असं लोक म्हणायचे.

खरा पेच गावात होता. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांविरुद्ध लढलेली दोन घराणी, आणि दोघांनाही सत्तेच्याच बाजूला राहायचं. त्यावर काढलेली तोड बारकाईने पाहण्यासारखी आहे. नगराध्यक्षपदासाठी एकाच पक्षाला तीन उमेदवार उभे करायची मुभा दिली : आरेना-१, आरेना-२, आरेना-३. मोजताना तिघांच्या मतांची बेरीज करायची. समजा, विरोधी उमेदवाराला ५,००० मतं पडली आणि आरेनाच्या दोघांना ४,००० आणि ३,०००. बेरीज ७,००० झाली, म्हणून ४,००० वाला नगराध्यक्ष! मुभा कागदावर एमडीबीलाही होती, पण कितीतरी छोट्या गावांत त्या पक्षाची शाखासुद्धा नव्हती. घराण्यांचं वैर शाबूत राहिलं आणि गाव सरकारकडे राहिलं.

राज्यांचे गव्हर्नर तर आता थेट निवडून येतच नव्हते. जनरलांची मर्जी असेल त्याची वर्णी लागे. बाहिया राज्यात आंतोनियो कार्लोस मागाल्याइस १९६७ साली साल्वादोर या राजधानीचे महापौर झाले, १९७१ साली गव्हर्नर. त्यांचा राज्यावरचा दबदबा पुढे कित्येक वर्षं टिकला.

आरेनात सगळेच होयबा होते असं मात्र मी म्हणणार नाही. डिसेंबर १९६८ मध्ये एका विरोधी खासदारावर खटला भरायला संसदेने परवानगी नाकारली, त्यात आरेनाचेही बरेच खासदार होते. दुसऱ्याच दिवशी राजवटीच्या घटनेवर मात करणाऱ्या हुकमांपैकी पाचवा फतवा निघाला, संसदेला टाळं लागलं. त्या खासदारांची आठवण ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

शहरं मात्र हातातून निसटत गेली. १९७४ साली सिनेटच्या २२ पैकी १६ जागा एमडीबीने जिंकल्या. मग नियमच बदलले. प्रचारात टीव्हीवर फक्त उमेदवाराचा फोटो, नाव, नंबर आणि त्रोटक माहिती. एप्रिल १९७७ मध्ये संसद दोन आठवडे बंद ठेवून एक तृतीयांश सिनेटर अप्रत्यक्षपणे निवडायची सोय केली. आरेनाचा जोर असलेल्या उत्तर आणि ईशान्येकडच्या छोट्या राज्यांचं वजन लोकसंख्येच्या मानाने आणखी वाढवलं.

१९७९ साली आरेना गेला, त्याच माणसांचा ‘पीडीएस’ आला. थेट अध्यक्षीय निवडणुकीसाठी लाखो लोक रस्त्यावर उतरले, तरी त्यासाठीची घटनादुरुस्ती २५ एप्रिल १९८४ रोजी अवघी २२ मतं कमी पडल्याने फेटाळली गेली. शंभराहून जास्त खासदार, बहुतेक पीडीएसचेच, सभागृहात फिरकले नाहीत.

याच पीडीएसचे अध्यक्ष होते मारान्याँव राज्यातले जोझे सार्ने. जून १९८४ मध्ये त्यांनी पद सोडलं आणि ते विरोधकांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले. अप्रत्यक्ष निवडणुकीत निवडून आलेले विरोधकांचे अध्यक्षपदाचे उमेदवार तांक्रेदो नेव्हिस शपथ घेण्याआधीच आजारी पडले आणि एप्रिल १९८५ मध्ये वारले. लष्करानंतरचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला तो लष्कराच्या पक्षाचा माजी अध्यक्ष. रेडिओ-टीव्हीचे परवाने ज्या दळणवळण खात्याकडे होते, तिथे मंत्री झाले ते बाहियाचे मागाल्याइसच.